अकोल्याचं ऊन आणि पारसचा कोळसा

(अमरावती येथे युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



कलम १४४ म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली आणि जमावबंदी लागली. दुकानं बंद, रस्ते ओस, घराघरांत धास्ती. त्यानंतर एक वर्षानं, २५ मे २०२४ रोजी, त्याच अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी पुन्हा कलम १४४ लागू केलं. या वेळी ना मोर्चा होता, ना मोबाईलवर फिरलेली एखादी पोस्ट. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंख्याची सोय द्या, शिकवणी वर्ग भरदुपारी घेऊ नका, अशा सूचना त्या आदेशात होत्या. ३१ मेपर्यंत तो लागू होता.

दंगल झाली की चौकशी होते. कुणी सुरू केलं, कुणाचं नुकसान झालं, भरपाई कोण देणार, हे विचारलं जातं. उन्हाची चौकशी मात्र कुणी करत नाही. "यंदा जास्तच तापून राहिलं भाऊ," म्हणायचं, रुमाल ओला करून डोक्याला बांधायचा आणि कामाला लागायचं. आज आपण ती चौकशी करू.

आपल्या मोहल्ल्यात या प्रश्नाची तीन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, गुनाह वाढले म्हणून ऊन वाढलं. दुसरं, ऊन तर आजोबांच्या काळातही होतं, त्यात नवीन काय? तिसरं, झाडं तोडली म्हणून. पहिल्या उत्तराबद्दल एवढंच म्हणतो की दुआ करायला कुणाचीच ना नाही, पण ज्या गोष्टीचं कारण मोजता येतं ती मोजून पाहणं हे माणसाचं काम आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात थोडं थोडं खरं आहे. ते किती, हेही पाहू.

गोधडीचा हिशोब

आधी ऊन आणि हवा यांचं नातं समजून घेऊ. शेतात जागलीला गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते आणि ढग असले की थंडी कमी लागते. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात जाते. ढग नसतील तर त्यातली बरीचशी थेट आकाशात निघून जाते. ढग असतील तर ते ती शोषून घेतात आणि काही खाली परत पाठवतात.

कार्बन डायऑक्साईड वायू असंच काम करतो, फक्त तो दिसत नाही आणि पावसाबरोबर धुऊनही जात नाही. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या किरणांना अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ अडवतात. ही नैसर्गिक गोधडी नसती, तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतं. तिच्यामुळे ते शून्याच्या वर १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हा वायू मुळात आपला शत्रू नाही. गोधडी हवीच, पण मे महिन्यात अंगावर दुसरी गोधडी कुणी घालत नाही.

हे ज्ञान कालपरवाचं नाही. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ साली काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साईडची नळी सर्वांत जास्त तापते, हे दाखवलं. तीन वर्षांनी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण शोषतात, हे प्रयोगशाळेत मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कोळसा जाळून हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित मांडलं. तेव्हा ना मोटारींची गर्दी होती, ना पारसचं वीज केंद्र.

कोळसा कुठे जातो?

आता आपल्या जिल्ह्यांत येऊ. अकोल्याहून शेगावकडे रेल्वेनं जाताना पारस लागतं. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. इकडे अमरावतीजवळ नांदगावपेठला २७० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण १३५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प आहे. दोन्हीकडे कोळसाच जळतो.

पारसचाच हिशोब करू. वहीत कुणालाही करता येईल. ५०० मेगावॅटचं केंद्र वर्षभर पाऊण क्षमतेनं चाललं, तर दिवसाला सुमारे ९० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे रोज सहा हजार टनांच्या आसपास कोळसा. दीड-दोन मालगाड्या रोज येतात आणि भट्टीत जातात. मग तो कोळसा कुठे जातो? काही भाग राख होऊन उरतो. आपल्याकडच्या कोळशात राख फार असते. पण त्यातला कार्बन जळतो म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. बारा किलो कार्बन बत्तीस किलो ऑक्सिजन घेतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साईड होतो. म्हणून जळाल्यावर वजन कमी होत नाही, वाढतं. चिमणीतून धूर दिसतो तो फक्त धूळ आणि वाफ. खरा माल दिसतच नाही.

कोळशावर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण एक किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साईड निघतो. पारसचे दोन्ही संच मी म्हटलं तसे चालले, तर वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास. आणि हे आपल्यापासून लांब नाही. तुमच्या घरी महिन्याला शंभर युनिटांचं बिल येत असेल आणि ती सगळी वीज कोळशाची असेल, तर एक क्विंटलच्या आसपास वायू तुमच्या नावावर जमा झाला. अमरावतीहून अकोल्याला मोटारसायकलनं गेलात, सुमारे शंभर किलोमीटर, आणि दोन लिटर पेट्रोल जळालं, तर साडेचार किलोंच्या वर वायू मागे राहिला. दोन लिटर पेट्रोलचं वजन दीड किलो. बाकीचं वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं.

मूर्तिजापूर-अचलपूरकडचे कुणी इथे असतील, त्यांना शकुंतला रेल्वे माहीत असेल. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी टाकलेली छोटी लाईन. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या लाईनवर १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल इंजिन आलं आणि पुढे गाडीच थांबली. तिच्या इंजिनाचा काळा धूर त्याच दिवशी विरून गेला. पण त्या कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साईडचा काही भाग आजही हवेत आहे. समुद्र आणि झाडं मिळून आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास वायू शोषून घेतात. उरलेला हवेत साठत जातो आणि त्यातला काही तर हजार वर्षांनीही शिल्लक असेल. कापूस गेला, गाडी गेली, गोधडीचा धागा राहिला.

आपलाच धूर, याला पुरावा काय?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कुणी सांगितलं म्हणून मानायचं, ही सवय आपण सोडायला निघालो आहोत. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं म्हणूनही मानू नका. पुरावा बघा.

हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हा वायू रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर आहे. त्याआधीचं काय? अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. ते सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत हा आकडा तीनशेच्या आसपास किंवा त्याखालीच राहिला. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० होता.

पण वाढलेला वायू कोळशा-तेलाचाच कशावरून? जिवंत झाडात, माणसात, हवेत एक किरणोत्सारी कार्बन थोड्या प्रमाणात असतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. वस्तू मेल्यावर तो कमी होत जातो आणि दर ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा आहे. त्यात हा कार्बन शून्य. जितका जुना कोळसा आणि तेल जाळू, तितकं हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. दुधात पाणी घातल्यासारखं. हान्स स्यूस यांनी १९५५ साली झाडांच्या खोडांतली वर्तुळं तपासून ही भेसळ पकडली.

आणखी एक पुरावा. सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापते आहे आणि खूप उंचावरची थंड होते आहे. उष्णता गोधडीखाली अडकली की असंच होणार.

आता त्या दुसऱ्या उत्तराकडे वळू. आजोबांच्या काळातही वऱ्हाडात ४५-४६ अंशांचे दिवस होते, हे खरं आहे. वऱ्हाड तापतंच. फरक सरासरीत आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशाचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जगाचं तापमान त्या वर्षी कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशांनी जास्त होतं. अर्धा-पाऊण अंश म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी पटींनी वाढतात. आणि झाडं? जरूर लावा, सावलीसाठी तरी लावा. पण एक मोठं झाड वर्षाला वीस किलो वायू घेतं असं धरलं, तर एकट्या पारसचा हिशोब फेडायला पंधरा कोटी झाडं लागतील. भट्टी तशीच ठेवून वृक्षारोपणाचे फोटो काढल्यानं हा हिशोब मिटत नाही.

ऊन कुणाला लागतं?

मी हा विषय इथे का आणला, ते आता सांगतो.

ऊन जात-धर्म बघत नाही, असं आपण म्हणतो. थर्मामीटरपुरतं ते खरं आहे. पण छत बघतं, काम बघतं, पाणी बघतं. स्लॅबचं घर, एसी आणि बोअर असलेल्या माणसाचा मे वेगळा. पत्र्याच्या खोलीत दुपारी भाकरी थापणाऱ्या बाईचा मे वेगळा. हातगाडीवर केळी विकणारा, सेंटरिंगचं काम करणारा, वेल्डिंगच्या दुकानात बसणारा, विणकाम-शिवणकाम करणारी, विटभट्टीवरचं कुटुंब, शेतात वेचणी-निंदणी करणारी मजूर, ही माणसं सर्व समाजांत आहेत आणि आपल्या मोहल्ल्यांत खूप आहेत. शरीर घाम गाळून थंड राहतं. घामाला पाणी लागतं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णा खोऱ्यातलं भूजल खारट आहे. म्हणजे जिथे तहान सर्वांत मोठी, तिथे विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं नाही. वर विजेचं केंद्रही पाणी पितं. एका युनिटमागे तीन लिटरच्या आसपास. सिंचनासाठी बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी नांदगावपेठच्या प्रकल्पाला देण्यावरून अमरावती जिल्ह्यात शेतकऱ्यांनी केलेला विरोध तुमच्यापैकी थोरल्या मंडळींना आठवत असेल.

आता एक हिशोब फक्त आपल्यासाठी. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत पूर्ण फेरी मारतो. २०१८ साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. त्या रोज्यांची दुपार घरातल्या मोठ्यांना विचारा. आता तो थंडीकडे सरकला आहे आणि पुढची बरीच वर्षं आपल्याला बरं वाटणार आहे. पण २०५१ च्या आसपास तो पुन्हा मेमध्ये येईल. आज जो वीस वर्षांचा आहे, तो तेव्हा पंचेचाळिशीत असेल. त्याची आई सत्तरीत असेल. आणि तोवर, सध्याच्या वेगानं म्हणजे दर दशकाला पाव अंशाच्या आसपास, जग अर्ध्या अंशाहून जास्त तापलेलं असेल. सेंटरिंगवर काम करणारा रोजेदार तेव्हा दुपारी दोनला काय करेल, हे आज किती कोळसा जाळला जातो यावर ठरतं आहे. तारीख चंद्र ठरवतो. तापमान आपण ठरवतो.

"पण आम्ही काय केलं?"

कुणीतरी म्हणेल, जगाचा कोळसा अमेरिका-युरोपनं जाळला, आम्ही काय केलं? बरोबर आहे. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साईड सोडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे, अमेरिकेतल्या माणसाची चौदा टनांच्या आसपास. आणि भारताच्या सरासरीतही बंगल्याचे दोन टन आणि पत्र्याच्या खोलीचे दोन टन सारखे नाहीत. म्हणून मी कुणा गरीब बाईला सांगणार नाही की सिलिंडर सोड आणि चुलीकडे जा. गॅसही जमिनीखालचंच इंधन आहे, पण चुलीचा धूर तिची छाती खातो. पारसच्या कामगाराला मी म्हणणार नाही की उद्या कुलूप लाव. त्याच्या घरची चूल त्या पगारावर पेटते. पर्याय कधी, कसा आणि त्याच्या नोकरीचं काय, हे सरकारकडून लेखी मागणं मात्र आपला हक्क आहे.

हक्क हा शब्द मी जाणून वापरतो. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हे संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून येणाऱ्या हक्काचा भाग आहे. समानता आणि जगण्याचा हक्क. आणि कलम ५१-क मध्ये नागरिकांची जी कर्तव्यं आहेत, त्यांत पर्यावरणाचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टी ही दोन्ही आहेत. आपण नेहमी हक्कांची यादी पाठ करतो. ही दोन कर्तव्यं आपण नागरिक म्हणून मोठ्या आवाजात बोलून दाखवली, तर शेजारच्या वस्तीतला माणूसही आपल्या बाजूला येऊन उभा राहील. उन्हाच्या प्रश्नावर कुणी कुणाला पाकिस्तानात पाठवत नाही.

मग करायचं काय? भाषण संपल्यावर विसरून जाल असं काही सांगत नाही. पुढच्या मार्चच्या आत चार कामं.

पहिलं, मोजा. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या. पत्र्याच्या दहा घरांत दुपारी तीनला आणि रात्री दहाला तापमान लिहा. धर्म न विचारता दहा घरं निवडा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे हवामानाच्या नोंदी आहेत. विद्यार्थी म्हणून जा आणि बघायला मागा.

दुसरं, विचारा. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत शेकडो जादा मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेनं उष्माघात कृती आराखडा केला. आगाऊ इशारा, पाण्याची ठिकाणं, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळांत बदल. आपल्या महापालिकेचा आराखडा कुठे आहे, त्यात आपल्या वॉर्डाचं नाव आहे का, गेल्या उन्हाळ्यात जिल्हा रुग्णालयात उष्माघाताचे किती रुग्ण आले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये लागतात.

तिसरं, छत पांढरं करा. चुन्याचा जाड हात दिलेलं छत ऊन परतवतं आणि खोली काही अंशांनी थंड राहते. एका रविवारी वीस पोरं एक गल्ली करू शकतात. विधवा आणि म्हाताऱ्यांच्या घरापासून सुरुवात करा.

चौथं, वीज बदला. घरगुती सौर पॅनेलसाठी २०२४ पासून केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ज्याच्या नावावर छत आहे त्यानं घ्यावं. ज्याच्या नावावर नाही, त्याच्यासाठी शाळांच्या आणि सामाईक सभागृहांच्या छतांचा विचार करा. गावाकडे ज्यांची शेती आहे, त्यांनी सौर कृषी वाहिनीची चौकशी करावी. दिवसा पंप चालला, तर रात्री अंधारात साप-विंचवांत पाणी द्यायला जावं लागत नाही. मुलामुलींनो, आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचं काम शिका. पुढची वीस वर्षं वऱ्हाडात या कामाला तोटा नाही.

या चार कामांनी पृथ्वीचं तापमान लगेच उतरणार नाही, हे मीच सांगून टाकतो. चुना माणूस वाचवतो, आकाशातला वायू कमी करत नाही. त्यासाठी कोळसाच कमी जळावा लागेल आणि तो निर्णय मुंबई-दिल्लीत होतो. पण ज्या वस्तीकडे तीन महिन्यांच्या नोंदवह्या आहेत, तिचं म्हणणं तिथे टाळणं कठीण जातं. नुसत्या तक्रारी कोपऱ्यात पडून राहतात.

थर्मामीटर कोण आणणार, ते आधी ठरवू. मग प्रश्न विचारा. हात वर करा, नाव सांगा आणि मला पटलं नाही असं म्हणायला घाबरू नका.